वाड्यावरचा मुक्काम

प्रांजलीला जर्मनीचा व्हिसा आला आणि केदारखेड्यातल्या त्यांच्या गल्लीत लगीनघाई सुरू झाली. जनावरांच्या डॉक्टरकीचं पुढलं शिक्षण घ्यायला पोरगी विमानानं जाणार, म्हणजे काय थट्टा आहे? जी ती बाई कारळाची चटणी घेऊन येई, आणि नको म्हणायची सोय नव्हती. आई वंदनाबाईनं तर कहर केला. तिकडं थंडी फार, म्हणून तिनं भर दुपारी लेकीला स्वेटर, कानटोपी, हातमोजे चढवून अंगणात उभं केलं, वारं कुठून शिरतं ते बघायला. पोरगी घामानं न्हाली, गल्ली पोट धरून हसली.

हसला नाही तो एकटा बाप. व्हिसा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी भुजंगनं अंथरूण उचललं आणि शेतातल्या मेंढ्यांच्या वाड्यावर मुक्काम ठोकला. लेकीशी गप्पा मारल्याशिवाय ज्या माणसाला रात्रीची भाकर गोड लागत नसे, तो आता ती डबा घेऊन आली की मेंढ्या हाकत बांधापलीकडं निघून जाई. आबाला आपलं जाणं पटलेलं नाही, असं प्रांजलीच्या मनानं घेतलं. मग कसली जर्मनी नि कसलं काय! तिला घास गिळवेना.

जायच्या आदल्या दिवशी तिनं त्याला विहिरीपाशी गाठलंच.

"आबा, तुमच्या मनात नसंल तर म्या जात न्हाई."

भुजंग असा दचकला, की हातातली काठी पडली. आता हा शहाणा गृहस्थ काय करून बसला होता, ते ऐका.

"येडी का काय तू? कोकराचं दूध तोडायचं असलं की येगळं ठिवतो न्हाई का आपण? तसंच करून राह्यलो."

"मला सवय व्हावी म्हणून?"

"तुला कशाला? कोकरू दोन रोजात चरायला लागतं. वरडती ती मेंढी." त्यानं खांद्यावरच्या रुमालानं डोळे पुसले. "म्या मलाच येगळं ठिवलं."

प्रांजलीला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं.

"मंग, झाली का सवय?"

"बिलकुल न्हाई. उगंच इतके दिवस वाया घातले. मेंढ्या कोंडू अन् चल जल्दी घरी."

वाटेनं त्यानं लेकीचा हात काही सोडला नाही. आणि जो भेटेल त्याला थांबवून, आपली पोरगी उद्या जर्मनीला चालली म्हणून सांगत सुटला. साऱ्या गावाला ते आधीच ठाऊक होतं, तरीही.