बुडाला लागू नये म्हणून

देवावर माझा विश्वास नाही. असता तर मी त्याच्याशी रोज भांडले असते, आणि तेवढी उसंत मला स्वयंपाकघरात मिळत नाही. मिशनच्या जेवणघरात मी स्वयंपाक करते. नवरा गेल्यावर आधी मी इथे जेवायलाच यायचे. एक दिवस डाळ इतकी बेचव झाली होती की ताट ठेवून तरातरा आत गेले आणि सिस्टरच्या हातातला डाव काढून घेतला. ती म्हणाली, "बरं झालं आलीस. मला स्वयंपाक येत नाही, नुसती प्रार्थना येते." तेव्हापासून फोडणी माझी आणि ढवळणं तिचं, अशी आमची वाटणी आहे.

ढवळताना ती प्रार्थना करते, तीही मोठ्यानं. तिला वाटतं, मनातल्या मनात म्हणतेय. दारात ताटं घेऊन उभ्या असलेल्यांना शब्द न् शब्द ऐकू जातो. मी मात्र फोडणीच्या चरचराटात तिकडे कान देत नाही.

जेवणघर म्हणजे जुन्या गोदामातली एक लांबट खोली. एका भिंतीला शेगड्या, समोर बाकं. हमाल येतात, भंगार वेचणाऱ्या बायका येतात, कात्र्यांना धार लावणारा म्हातारा येतो, डोळे अधू झालेली शिंपीण येते. कुणाचा देव कुठला, हे सिस्टरनं कधी विचारलं नाही. आधी पोटोबा, एवढंच तिला कळतं.

मग वरच्या कार्यालयानं नवे साहेब नेमले. त्यांच्या पँटची घडी इतकी कडक, की आमच्या लोकांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं, 'इस्त्रीसाहेब'. सगळं बघून ते म्हणाले, "इथे प्रार्थना होत नाही?"

"मी करते ना," सिस्टर म्हणाली.

"तुम्ही नाही, यांनी. जेवणाआधी सगळ्यांनी मिळून म्हटली पाहिजे. म्हणणार नाही त्याला ताट नाही. पुढच्या आठवड्यात मी येईन. तेव्हा हे दिसलं नाही तर धान्याची पोती बंद, आणि सिस्टर, तुमची बदली."

ते गेल्यावर मी म्हटलं, "चार ओळी म्हणायला लावा की. कुणाचं काय झिजतंय?"

सिस्टर चिडत नाही, त्या दिवशी चिडली. "उपाशी माणसाच्या तोंडून वदवून घेतलेली प्रार्थना मला देवापुढे न्यायची लाज वाटते. मी एक अक्षर शिकवणार नाही."

"मग जा बदलीवर! आणि यांनी काय माती खायची?"

ती गेली तर हे जेवणघर चार दिवस टिकणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि दारातल्या लोकांनाही. आमचं भांडण त्यांनी ऐकलंच होतं.

साहेब यायच्या दिवशी डाळभात शिजवून मी बाजारात गेले आणि भाजी घेऊन परतले, तर सगळे आधीच बाकांवर हात जोडून बसलेले. ताटं वाढलेली, कुणी शिवलेलं नाही. साहेब खूश दिसत होते. सिस्टर गोंधळून दाराशी उभी. शिंपीण उठली आणि म्हणाली, "साहेब, आम्ही आमची आमची पाठ केलीय. सिस्टरला जाऊ देऊ नका." मग तिनं मान हलवली आणि सगळ्यांनी एका सुरात सुरुवात केली.

"देवा, बुडाला लागू देऊ नकोस. मीठ कमी पडलंय, गोड मानून घे. शेवटच्याला पुरू दे. त्या तांदूळवाल्याला बुद्धी दे, खडे फार घालतो. आणि आमच्या स्वयंपाकिणीचा राग जरा कमी कर. आमेन!"

माझ्या हातातली पिशवी गळून पडली. बिचाऱ्यांना हीच एक प्रार्थना माहीत होती. रोज ऐकलेली, कानामात्रेसकट पाठ. मिशनची प्रार्थना म्हणजे हीच, असं ते मनापासून समजून बसले होते. आणि माझ्या रागाचं गाऱ्हाणं रोज वर जात होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

साहेब लालबुंद झाले. "ही काय थट्टा लावलीय?"

"थट्टा कसली?" सिस्टरचे डोळे भरले होते. "माझीच आहे ती. दुसरी इथे होत नाही."

"ठीक. ज्याला खरी प्रार्थना येते त्यानं बसावं. बाकीच्यांनी ताटावरून उठायचं."

धारवाल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मला माझ्या देवाची येते. चालेल?"

"नाही."

म्हाताऱ्यानं ताट पुढे सरकवलं आणि उठला. कालपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, मला माहीत होतं. त्याच्या मागून शिंपीण उठली. हमाल उठले. भरल्या ताटांवरून अख्खी खोली उठली. माझ्या अंगाची अशी लाही झाली की वाटलं, पातेल्यातला डाव उचलून साहेबांच्या डोक्यात घालावा.

"खाली बसा सगळे!" सिस्टर ओरडली. तिचा एवढा चढलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनं म्हाताऱ्याला हाताला धरून बसवलं, त्याच्या शेजारी स्वतः बसली, एक ताट ओढलं आणि भाताचा घास घेतला. हात जोडले नाहीत, डोळे मिटले नाहीत, ओठ हलवले नाहीत. ही बाई पाण्याचा घोटसुद्धा देवाचं नाव घेतल्याशिवाय पीत नाही. दुसरा घास तिनं म्हाताऱ्याला भरवला.

"सिस्टर!" साहेब दोन पावलं पुढे आले. "प्रार्थनेशिवाय?"

"हो. आता मलाही उठवा," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "आणि बदलीचा हुकूम काढा. मी जाणार नाही."

कुणीतरी बसलं, मग सगळेच बसले. भात कालवल्याचा आवाज तेवढा येत होता.

"उद्यापासून पोती येणार नाहीत," साहेब दारातून म्हणाले आणि निघून गेले.

हात थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू पोती माझ्या पदराखाली दडवली आहेत. कोठीत काय उरलंय ते मी सकाळीच पाहिलं होतं. उद्याचं अर्धं पातेलंही भरलं नसतं.

"बघता काय?" मी खेकसले. "गरम आहे तोवर जेवा. आणि उद्या याच वेळेला या. येताना आणखी कुणी उपाशी दिसलं तर त्यालाही आणा!"

तांदूळ कुठून आणायचा, याचा मला काडीचा पत्ता नव्हता. सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं रिकामं ताट पुढे केलं, आणि मी तिला आणखी भात वाढला.