गाठीतलं धान

तुंबडीबाबाने मनकर्णाबाईच्या गळ्याला तुंबडी लावली, गाल फुगवून न कळणारे मंत्र पुटपुटले, जोरात ओढलं आणि थू! ताटात लालभडक गाठ पडली. सिंदेवाहीजवळच्या त्या गावातली झाडून सारी माणसं ओरडली, "जय हो!"

"हा पाहा बाईचा कॅन्सर!" आता बाबाची जीभ खणखणीत चालली. "डाक्टर सा घंटे चिरतेत, आपलं एका फुंकेत काम! चाकू लागला का देवी कोपन!"

मग त्याने बाईला पेलाभर आंबील पाजली. ती घटाघटा उतरली. बायांनी हात जोडले.

अहो, अन्ननलिकेत गाठ असली की घट्ट अडकतं, पातळ उतरतं! बाई चार महिने आंबीलवरच जगत होती. पण ते पाहणार कोण? रोग कळल्यापासून, तो शिवेल या भीतीने, कुणाच्याही घरी तिचं ताट ओसरीवर, पाण्याचा गडवा वेगळा. मुलगा हैदराबादेत. बोलायचं ते भिंतीशी.

आज मात्र बायांनी हाताला धरून तिला बाबासाठी घातलेल्या गावजेवणाच्या पंगतीत मधोमध बसवलं. "काकू, जेवा जी!" कोणाचा तरी खांदा तिच्या खांद्याला लागला आणि बाईला रडूच कोसळलं. आंबील कालही उतरली होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण सांगितलं की पंगत गेली.

गावची आशा कार्यकर्ती मंजुषा मागून कुजबुजली, "बाई, परवा नागपूरले आपरेशन हाये. नळीचा सडका भाग काढून पोट वर ओढून जोडतेत. गाठ पसरली का मंग काढता येत नाई."

"बसू दे व मले घडीभर."

भाताचा पहिलाच घास छातीत अडकला. बाई कडेला जाऊन ओकली.

"श्रद्धा कमी पडली!" बाबाने हात झटकले आणि पुढच्या रोग्याला हाक मारली. ती बुधरी, तिशीतली, तोच आजार. तिने तर दवाखान्याचा कागद फाडायलाच घेतला होता.

मनकर्णाबाई बाबाच्या ताटापाशी गेली. ताटातली गाठ उचलून तिने स्वयंपाकाच्या विळीवर चिरली. आत वाळूचे खडे आणि अर्धवट दळलेलं धान!

"काऊन रे बाबा, चार महिने माह्या गळ्यातून शीत उतरलं नाई, मंग हे धान कोनं गिळलं?"

"अव माय! हे तं कोंबडीच्या पोटातली खड्याची थैली!" जन्मभर कोंबड्या साफ केलेल्या बाया एका सुरात म्हणाल्या. ही थैली गालात धरून मंत्र म्हटल्यावर ते कळणार तरी कसे? हशा पिकला. बाबाने झोळी उचलून धूम ठोकली.

पंगत पुन्हा बसली. मनकर्णाबाईच्या दोन्ही बाजूंच्या जागा मात्र रिकाम्याच राहिल्या.

बाई उभी राहिली. "हा रोग शिवल्यानं होत नाई, झाकल्यानं वाढते. बुधरे, कागद सांभाळ, परवा माह्यासंग चाल. अन् तुमी सारे आयका. आंबील पाह्यली, 'जय हो' म्हनाच्या आधी भाताचा घास कोनीच देऊन पाह्यला नाई. पारखून मंग माना रे. अन् पारखाले जवळ तं बसा!"