कणगीतली घंटा

अणशी गावात रानाला लागून शेवटचं घर केशरचं. नवरा अर्जुन वनखात्याच्या कामावर, पंधरवड्यानं यायचा. घरात ती आणि सासू, पारूआत्ती. दोन वर्षं झाली, आत्तीचं डोकं ठिकाणावर नव्हतं. नजर चुकली की ती माहेरी निघायची, आणि माहेरची वाट तिला रानातच दिसायची. म्हणून भाताच्या खाचरात उतरण्याआधी केशर तिच्या कमरेला गुरांची लाकडी घंटा बांधायची. टकटक जवळ ऐकू आली की हात चालायचे. लांब गेली की विळा टाकून धावायचं.

त्र्याण्णव साली एका संस्थेनं योजना काढली. आजारी माणूस सांभाळणाऱ्या बाईला रोज चार तास गावातलीच सोबतीण द्यायची. जोयड्याहून संस्थेची बाई येणार, घर बघणार, मग ठरणार. चार तास! केशरला तर सलग झोप कशी असते तेही आठवत नव्हतं.

त्या सकाळी शेजारची फुला डोकावली. "ही घंटी काढ गो आधी. म्हातारीची म्हस केलीस व्हय?"

"आणि आत्ती गेली तर?"

"तासाभरात कुठं जाती? पाव्हण्यांसमोर अब्रू ऱ्हाऊ दे."

केशरनं घंटा भाताच्या कणगीत दडवली. आत्तीला न्हाऊ घातलं, धुतलेलं लुगडं नेसवलं, जमीन सारवली.

बाई आली तेव्हा आत्ती शहाण्यासारखी भिंतीला टेकून बसली होती.

"जेवलात का आजी?"

"व्हय. तू जेवलीस?"

बाई हसली. "छान ठेवलंय हो यांना! काही त्रास?"

"आमची केशर सोन्यासारखं करती. त्रास कसला!" फुला दारातूनच बोलून मोकळी झाली.

बाईनं लिहिलं आणि वाचून दाखवलं, "सोबतीची गरज नाही."

बाईला पोचवायला जीपपाशी गेल्यावर मात्र केशरला राहवलं नाही. "बाई, म्या लपवलं. तिला घंटी बांधावी लागती. न्हाईतर जाती."

बाई थबकली. "चला, परत बघू."

भिंतीपाशी कुणी नव्हतं. ओल्या सारवणावर अनवाणी पावलं मागच्या दारापर्यंत गेली होती. पुढं रान.

गावातले गडी काठ्या घेऊन रानात शोधायला गेले. बाईनं फॉर्मवरची ओळ खोडली, नवी लिहिली. केशरनं तिकडं पाहिलंही नाही.

दिवस कलला. रानातून टकटक आली. केशर धावली. फुलाची गाय होती. पुन्हा टकटक, पुन्हा ती धावली. असं करत शेवटचं जनावरही गोठ्यात शिरलं आणि रान गप्प झालं.

घंटा कणगीत आहे, हे तिला ठाऊक होतं. तरी ती कान देऊन उभी होती.