रिकाम्या हातानं गेलेली गिऱ्हाइकं

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात चेलुवराजचं दुकान होतं. कुत्र्यामांजरांचं खाणं, पट्टे, साखळ्या, माशांच्या काचेच्या पेट्या, पक्ष्यांचे राळे, असं सगळं तिथे मिळायचं. रेशमाच्या गिरणीतली नोकरी सोडून त्यानं ते उघडलं, त्याला आता बारा-चौदा वर्षं झाली होती. तेव्हा वस्ती नवी होती, घराघरांत कॉलेजातली पोरं होती आणि ज्याच्या त्याच्या हातात एकेक पिल्लू होतं. दुकान आपोआप चाललं.

चेलुवराज बोलायला फार गोड. विकायला मात्र बेताचाच. एखादी बाई शाम्पूची बाटली उचलायला गेली, तर हाच म्हणायचा, "गेल्या वेळची संपली का अम्मा? आधी ती संपवा." लोकांना तो आवडायचा. पण गेली दोन वर्षं विक्री उतरत चालली होती आणि भाडं चढत होतं. हल्ली सगळे फोनवरून मागवतात, असं जो तो म्हणायचा. चेलुवराजलाही ते पटलं होतं. त्यात आपला दोष निघत नाही, हा त्यातला मोठा दिलासा होता. संक्रांतीला जागा सोडायची आणि शेजारच्या रसवाल्याला द्यायची, असं त्यानं मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

अशात त्याची मुलगी सिंचना बंगळूरहून घरी आली. चपलाबुटांच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या एका कंपनीत ती होती. कुठल्या दुकानात किती खपतं आणि का खपत नाही, एवढंच बघायचं तिचं काम. कंपनीनं निम्मी दुकानं बंद केली, त्यात तिची नोकरी गेली. घरात बसून ती कुढायला लागली, तेव्हा आईनंच तिला दुकानावर पिटाळलं.

पहिल्याच सकाळी तिनं विचारलं, "अप्पा, दिवसाला किती माणसं आत येतात?"

"येतात की. भरपूर येतात."

"भरपूर म्हणजे किती?"

"भरपूर म्हणजे भरपूर. मी काय दारात मोजत उभा असतो?"

मग तीच मोजायला लागली. दाराशी स्टूल टाकून बसायची. आत कोण आलं, कुठल्या फळीपाशी थांबलं, काय घेऊन गेलं, सगळं टिपायची. चेलुवराजला ते मुळीच रुचलं नाही. चारचौघांत कुणी आपली नाडी धरून बसावं, तसं त्याला व्हायचं. गप्पा मारता मारता तो मध्येच थांबायचा, चोरून तिच्याकडे बघायचा.

दोनेक आठवड्यांनी, दुपारी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि आमटीसारखं सारू खाताना, तिनं विषय काढला. फोनवाल्यांनी गिऱ्हाईक पळवलं हे काही तिला पटत नव्हतं. माणसं तर येत होती. येत होती, फिरत होती, वस्तूंना हात लावत होती आणि दहातली सहा-सात तशीच रिकामी परतत होती. फोनवरून मागवणारी माणसं इथवर चालत कशाला आली असती?

"म्हणजे मला विकता येत नाही, असंच ना?" चेलुवराजचा हात ताटातच थांबला.

"तसं नाही म्हणत मी. का जातात ते मला अजून कळलेलं नाही."

तिनं आपल्या कंपनीतले उपाय करून पाहिले. फळ्या हलवल्या, रंगीत वस्तू पुढे आणल्या. चघळायच्या हाडकाबरोबर चेंडू स्वस्तात, अशा जोड्या बांधल्या. जाणाऱ्या प्रत्येकाला 'आणखी काही हवं का?' असं विचारायचं, हे बापाला बजावलं. तो बिचारा विचारायचा, पण शाळेत प्रतिज्ञा म्हणावी तसा. लोक हसायचे. हाडकं आणि चेंडू होते तिथेच धूळ खात राहिले. सिंचनाचा चेहरा उतरला. चेलुवराजला आतून जरा बरं वाटलं, आणि पोरीच्या हरण्यानं आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात येताच त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तिनं शेवटी हात टेकले. म्हणाली, "अप्पा, विकायचं राहू दे. तुम्ही तर सगळ्यांशी बोलता. जो काही न घेता निघेल त्याला एवढंच विचारा, की तुम्ही काय शोधायला आला होता."

"जाणाऱ्याला अडवून? लोक म्हणतील, ह्याचं डोकं फिरलं."

पण मघाच्या लाजेपोटी तो तयार झाला.

दुसऱ्या दिवशी बसवय्या आले. रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चेलुवराजची अगदी पहिल्या दिवसांपासूनची ओळख. त्यांनी बिस्किटांचा पुडा उचलला, कानाशी धरून हलवून बघितला आणि परत ठेवून दिला. ते पायरी उतरणार, तेवढ्यात चेलुवराजनं त्यांना गाठलं.

"सर, काय बघत होतात?"

बसवय्या ओशाळले. "मंत्रीला दात कुठे राहिलेत आता? दुधात भिजवून दिलं तर दूध पितो नि बिस्कीट ठेवतो. म्हटलं, काही मऊ आलंय का बघावं." मग जरा थांबून म्हणाले, "आणि चेलुवराज, फरशीवर घसरू नये म्हणून घालायचं काही असतं का रे? त्याला उठताच येत नाही. हिनं घरभर पोती अंथरलीयत."

संध्याकाळी चेलुवराज त्यांच्या घरी गेला. मंत्री म्हणजे त्यांचा काळा लॅब्रडॉर. मुलानं पिल्लू असताना आणला होता. मुलगा पुढे जर्मनीला गेला, कुत्रा आईबापांपाशी राहिला. त्याचा पहिला पट्टा चेलुवराजनंच बांधला होता. चेलुवराजला बघून मंत्रीनं शेपटी आपटली आणि उठायला गेला. मागचे पाय गुळगुळीत फरशीवर दोन बाजूंना गेले. बसवय्यांच्या बायको नागरत्नम्मा लगबगीनं आल्या, त्याच्या पोटाखालून जुनी साडी घातली आणि दोन्ही टोकं धरून त्याला उभा केला.

"ह्याला उचलताना माझी कंबर जाते," त्या म्हणाल्या. "पण मुलगा रोज फोनवर आधी विचारतो, मंत्री कसा आहे. आम्ही कसे आहोत ते मागाहून."

मंत्री धडपडत चेलुवराजपाशी आला आणि त्याच्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभा राहिला. तोंडाभोवतीचे केस पांढरे झाले होते. चेलुवराजनं वाकून त्याचे कान चोळले.

परतताना तो मुद्दाम गल्लीगल्लीतून चालत आला. फाटकाफाटकापाशी ओळखीची कुत्री पडलेली होती. त्याला पाहून एखादंच उठायचं, बाकीची पडल्या पडल्या शेपूट हलवायची. सगळी त्याच्याच दुकानात पिल्लं म्हणून आलेली. अख्खी वस्ती एकदमच म्हातारी झाली होती, आणि तो अजून पिल्लांचा माल मांडून बसला होता. दात शिवशिवणाऱ्यांची हाडकं, धावणाऱ्यांचे चेंडू.

हे ऐकून सिंचनानं घाई केली नाही. आणखी विचारा, म्हणाली. मग आठवडाभर दोघांनी जाणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. कुणाचा कुत्रा गोळी गिळत नव्हता, कुणाचा गाडीत चढत नव्हता, कुणाचा झोपेत अंथरूण ओलं करत होता. लोकांना फक्त कुणी विचारायचाच अवकाश होता. एक निवृत्त बाई तर बोलता बोलता रडल्या आणि चेलुवराजनं त्यांना कॉफी पाजून घरी पोचवलं.

"मी नुसती माणसं मोजत बसले," सिंचना म्हणाली. "त्यांच्या घरी कोण आहे ते बघितलंच नाही."

"ते मीही नाही बघितलं. आणि मी तर त्या सगळ्यांना नावानं ओळखतो."

त्यांनी हाडकं-चेंडू घाऊक व्यापाऱ्याला खोट खाऊन परत केले. मऊ खाण्याचे डबे आणले. व्यायामशाळेत घालतात तसल्या रबरी चटया आणून हव्या त्या मापात कापून द्यायला लागले. पलीकडच्या शिंप्याकडून जाड कापडाची, दोन मुठींची झोळी शिवून घेतली, पोटाखालून घालून कुत्र्याला उभं करायला. पहिली झोळी अरुंद झाली आणि मंत्री नाकावर पडता पडता वाचला. नागरत्नम्मांनी शिंप्याला घरी बोलावून, कुत्र्यावर माप घ्यायला लावून, दुसरी नीट करून घेतली. मागच्या खोलीतला पोती तोलायचा काटा चेलुवराजनं दाराशी आणून ठेवला. म्हातारं कुत्रं वजनात उतरलं की काहीतरी बिनसलेलं असतं, म्हणून दर महिन्याला या, फुकट वजन करून देतो, असं तो सगळ्यांना सांगायला लागला. वजन फार घटलेलं दिसलं की तोच त्यांना डॉक्टरकडे धाडायचा.

पहिल्या महिन्यात गल्ल्यात काही फरक पडला नाही. चेलुवराज धास्तावला. सिंचना मात्र मोजत राहिली. आता रात्री दुकान बंद करताना तोच विचारायचा, "आज रिकामे किती गेले?" दुसऱ्या महिन्यात रिकामे जाणारे निम्म्यावर आले. दसऱ्याची रोषणाई लागली तोवर, काही न घेता जाणारा विरळा झाला होता. चटई घेतलेला माणूस खाणं न्यायला परत यायचा, येताना शेजाऱ्याला घेऊन यायचा. जागा मिळणार नाही, असं चेलुवराजनं रसवाल्याला सांगून टाकलं.

दसऱ्यानंतर सिंचनाला बंगळूरहून एका कंपनीचं बोलावणं आलं. दोन दिवस घरात कुणी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी दुकान उघडताना तीच म्हणाली, "मी इथेच राहिले तर पगार द्यावा लागेल, अप्पा."

"किती?"

"विक्रीवर ठरवू. वाढली तर वाढवायचा."

"आणि घटली तर?"

"घटली तर तुम्ही कुणाला तरी 'आधीची बाटली संपवा' म्हणाला असाल. ते तुमच्या वाट्यातून कापायचं."

चेलुवराज हसला. कुलूप काढून त्यानं दार वर सरकवलं. तेवढ्यात समोर रिक्षा थांबली. श्रीरंगपट्टणहून एक जोडपं आलं होतं, कुणाकडून तरी ऐकून. मागच्या सीटवर चादरीत गुंडाळलेली एक तपकिरी कुत्री होती, डोळ्यांवर सायीसारखा पडदा आलेली. झोळी आत होती, पण ती आणायला तो थांबला नाही. रिक्षात वाकून त्यानं तिला दोन्ही हातांवर उचलून घेतलं आणि तिचं नाव विचारत आत घेऊन आला. सिंचना काट्यावर मऊ पोतं अंथरत होती.