कुंकवानं बुजलेला गळा

मित्रांनो, देवळाच्या कोनाड्यात हार घातलेली ती काळपट वस्तू दिसते ना, तोच मी. देव नाही, दिवा नाही. जुना विलायती माईक आहे. मला नमस्कार करू नका, एवढं आधीच सांगतो. नमस्कारांनीच माझा घात केला.

कारखान्यातलं बालपण मला आठवत नाही. माझा खरा जन्म नागपूरच्या एका क्लबात झाला, रीनाबाईंच्या ओठांपुढे. त्या जाझ गात. जाझ म्हणजे ठरलेल्या चालीशी लपंडाव. एकच ओळ त्या पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि दर खेपेला ती नवं लुगडं नेसून यायची. मग सिनेमानं त्यांना बोलावलं. पडद्यावर नट्या ओठ हलवीत, गळा बाईंचा असे. गाणी गावोगाव वाजली, नाव मात्र नट्यांचं झालं. आजही कितीतरी गायिका बाईंसारखा शेवटचा सूर अलगद मोडतात. तो कुणाचा, हे त्यांनाही ठाऊक नसेल.

उतारवयात बाई नागपूरच्या कडेला हुडकेश्वरला राहायला आल्या. शेजारच्या देवळात दामिनी नावाची विणकराघरची मुलगी कीर्तन करी. बाई चर्चला जाणाऱ्या, पण पूर्वरंग सुरू झाला की खांबाला टेकून बसत. नामाचा गजर चढला की त्यांची बोटं मांडीवर नाचत. एकदा म्हणाल्या, "पोरी, ठेक्याच्या मांगं काहून धावून राहिली वं? त्याले थोडी वाट पाहू दे. देवही भक्ताची वाट पाहतेच ना!"

त्या एका बोलानं दामिनीचं कीर्तन फुललं. पुढे हात थरथरू लागले तेव्हा बाईंनी मला तिच्या स्वाधीन केलं. "माझ्या माघारी माझं गाणं याच्यातूनच म्हणजो. कॅसेटीतून वाजवू नको." दामिनीच्या गळ्याशी मी पुन्हा तरुण झालो.

गेल्या साली बाई गेल्या. देवळाचे पंच भैय्याजी मनानं भोळे. ते ओक्साबोक्शी रडले आणि त्यांनी मला दामिनीकडून मागून घेऊन कोनाड्यात बसवलं. खांडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजतात तशी माझी पूजा झाली. आधी पाणी शिंपडलं, मग जाळीवर हळदकुंकू. पुढे येईल ती बाई चिमूटभर वाहून जाई. माझ्या जाळीमागे आवाजानं थरथरणारा पातळ पडदा असतो. त्यावर लाल चिखल वाळत गेला. कुणाला कळलं नाही, कारण मला कुणी बोलूच देत नव्हतं.

पहिल्या पुण्यतिथीला मांडव पडला. बाईंची सिनेमातली गाणी दाखवायला मोठा पडदा लावला होता. दामिनी म्हणाली, "भैय्याजी, तो माईक काढा. बाईचं गाणं म्हणायचं आहे मले."

"नाही वं! देवापुढची वस्तू उष्टी नाही करत."

"उष्टी? बाई काय त्याच्यासमोर अगरबत्ती लावत होत्या काय?"

मंडळी हसली. भैय्याजी ओशाळले. "बरं, एक कडवं म्हण. पाहुणे खोळंबले आहेत."

मित्रांनो, मी जन्मभर उष्टाच होतो. तेच माझं सोवळं होतं.

हार निघाला, वायर जोडली. दामिनीनं डोळे मिटले, ठेक्याला वाट पाहायला लावली आणि सूर लावला. बाईंचाच तो मोडता सूर! तो माझ्या जाळीवर आदळला आणि तिथंच मेला. कर्ण्यातून नुसती खरखर.

"बंद पडला गा! सिनेमा लावा, सिनेमा!" कुणीतरी ओरडलं.

पडद्यावर नटी ओठ हलवू लागली, कर्णे दणाणले. पुढच्या रांगेतला एक पाहुणा डोळे पुसत म्हणाला, "असं आता कोण गाते गा?" दामिनी त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून तेच गात होती. कडवं तिनं पुरं केलं.

मग पदरानं माझी जाळी पुसली. पदर लाल झाला. आतला चिखल निघाला नाही. भैय्याजींनी मला पुन्हा कोनाड्यात ठेवलं आणि सवयीनं चिमूटभर कुंकू वाहिलं.

म्हणून विनवणी एवढीच. ज्याचा गळा तुम्हाला आवडला, त्याचं गाणं आज जो गातो आहे त्याच्यासमोर दोन घटका जाऊन बसा. तो जिवंत आहे, त्याला कान हवेत. आणि माझ्याकडे आलातच, तर मित्रांनो, चिमूट रिकामी ठेवून या.