छपराखालचं न पाहणारी दृष्टी

महाराजांनी डोळे मिटले आणि भरल्या हॉलमध्ये कुणी साधं खोकेना. समोर गिरणीवाल्या बाई हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी आपल्या घराचा पत्ता सांगितला होता आणि आता मौन चालू होतं. महाराजांचं मौन चांगलं लांबलचक असे. कान जटांनी झाकलेले, ओठ हलते.

"फाटक उघडं राहिलंय, माई," महाराज अखेर बोलले. "पायरीवर पांढरं कुत्रं बसलंय."

बाईंनी तिथूनच सुनेला फोन लावला. फाटक उघडं होतं आणि कुत्रंही होतं. सगळा हॉल महाराजांच्या पायाशी वाकला.

मागच्या भिंतीशी टेकलेला फोटोग्राफर तेवढा वाकला नाही. छपराखालचं महाराजांना कधी दिसत नसे, जरा वारा सुटला की त्यांची दृष्टी पोहोचत नसे, आणि शहराबाहेर राहणाऱ्या भक्तांची पापं नेमकी आड येत. "दृष्टी आहे की छत्री?" असं तो एकदा बायकोला म्हणाला होता. ती हसली नव्हती. त्यांची एकुलती एक मुलगी तापानं गेल्यापासून ती हसली नव्हती आणि रडलीही नव्हती.

मागच्या रविवारी ती या हॉलमधून धावत घरी आली ती थेट गच्चीवर गेली. रिकाम्या गच्चीत उभी राहून म्हणाली, "आत्ता होती हो इथं. महाराजांना दिसली. पिवळ्या कपड्यात, दोन्ही हात पसरून निजली होती. मी घर सोडून आश्रमात राहिले, तर ती पुन्हा देह धरेल म्हणाले." आणि तिनं बॅग भरायला घेतली.

त्याच सकाळी फोटोग्राफरनं मुलीचा पिवळा स्वेटर धुऊन गच्चीत पसरला होता. त्याचा औषधांचा वास त्याला सोसवत नव्हता, म्हणून बायकोच्या नकळत धुतला. लोकरीचा कपडा दोरीवर टांगला की ताणून लांबतो, तो आडवा पसरून वाळवायचा, हे त्याला बायकोनंच शिकवलं होतं. ती यायच्या आत वाळलेला स्वेटर त्यानं कपाटात ठेवलाही होता. बाह्या पसरलेला स्वेटर पोरीसारखा दिसेल तो फक्त वरून. आणि वरून बघणारं यंत्र लग्नांच्या चित्रीकरणासाठी त्याच्याकडेही होतं.

आज त्यानं गच्चीत आपला निळा शर्ट आणि पँट नीट पसरून ठेवली, गळ्याशी टोपी ठेवली आणि इथं येऊन गर्दीत उभा राहिला.

बायको पुढे गेली. "महाराज, आज दिसते का माझी लेक?"

मौन झालं. मग महाराजांचा आवाज जड झाला. "लेक नाही. तुझा नवरा आडवा पडलाय गच्चीत. निळा शर्ट, डोक्यावर टोपी. त्याचाही जीव तिच्याकडे ओढ घेतोय, बाई. घराचा पाश तुटतोय."

ती घराकडे पळायला वळली.

"नवरा इथं आहे, महाराज," फोटोग्राफर मागून म्हणाला. "वर नुसते कपडे आहेत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज मायेबद्दल बोलू लागले, पण लोक फोटोग्राफरच्या मागोमाग दर मौनात महाराजांचा सेवक जिथं जायचा, त्या हॉलमागच्या खोलीकडे निघाले होते. आत तो सेवक माइक धरून बसला होता आणि समोरच्या पडद्यावर निळा शर्ट दिसत होता. थोड्या वेळानं मागच्या अंगणात ड्रोन डुगडुगत उतरला. पोटाखाली पट्ट्यांनी बांधलेला थोराड कॅमेरा होता, आणि तो जमिनीला घासू नये म्हणून ड्रोनला उंच पाय जोडले होते.

"याचा मूळचा कॅमेरा इवलासा," फोटोग्राफर म्हणाला. "त्यातून कुत्रं बघायचं तर खाली यावं लागतं, आणि खाली आलं की भुंग्यासारखा आवाज लोकांना ऐकू येतो. म्हणून हा मोठा लावला. उंचावरून लांबचं जवळ दिसतं. पण ओझं वाढलं. वारा सोसत नाही, बॅटरी लवकर संपते, लांब जाता येत नाही. हा जाऊन पोहोचेपर्यंत मौन. मग सेवक माइकवर सांगतो आणि महाराजांच्या जटांखाली कानात ऐकू येतं."

गिरणीवाल्या बाईंनी सेवकाला दोन शब्द सुनावले. फोटोग्राफरची बायको मात्र ड्रोनकडे बघतच नव्हती.

"आणि पिवळं?" तिनं विचारलं.

"तिचा स्वेटर. मी धुऊन पसरला होता."

"धुतलात?" ती म्हणाली. "मी रोज कपाट उघडून त्याचा वास घ्यायचे. रविवारपासून नुसता साबणाचा येतो. मला वाटलं, ती येऊन तो घालून गेली असेल, म्हणून जुना वास गेला."

ती त्याच्याकडे वळली.

"म्हणजे ती आलीच नव्हती? एकदाही?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. 'आली होती' म्हणणं किती सोपं होतं, आणि महाराज इतके दिवस तेच तर करत होते.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

तेव्हा ती रडली. त्या अंगणात, लोकांसमोर, खाली बसून, मोठ्यानं. तो तिच्याशेजारी मातीत बसला आणि तोही रडू लागला.

कुणी दूरचं पाहिल्याचं सांगितलं, तर त्याला छपराखालचंही विचारा. वारा असताना विचारा, पत्ता न सांगता विचारा. विचारण्यानं खरा देव रागावणार नाही. आणि ज्याचं माणूस गेलंय, त्याला ते परत येईल असं सांगू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला रडू द्या.