रांगेतली थप्पड

धर्मा सिनेमात समुद्री चाचा व्हायला किहीमला गेला तो बायकोने ढकलून धाडला म्हणून. एकुलता एक मुलगा, निकेत, गेल्यापासून तो खाचरात जाई, परत येई आणि ओटीवर बसून राही. गावची माणसं सिनेमावाल्यांच्या टेम्पोत चढू लागली तेव्हा मैना म्हणाली, "जा तुमी. भिंतीकडं बघून पोरगा परत येनार हाय का?"

सिनेमा विनोदी होता. एक भित्रा कप्तान, त्याचं गळकं गलबत आणि एकाहून एक बावळट चाचे. मोठी कामं मुंबईच्या नटांची, मागे उभं राहायला आसपासच्या गावांतली माणसं. धर्माच्या डोक्याला लाल फडकं बांधलं, गालावर काजळीने व्रण काढला, आणि मृणाली नावाची दिग्दर्शकाची मदतनीस त्याला गलबतावरच्या रांगेत घेऊन गेली. रांगेच्या टोकाला एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेला माणूस आधीच उभा होता.

"किती सारखे दिसता तुम्ही दोघं!" मृणाली खूश होऊन म्हणाली. "अगदी भाऊ वाटता. शेजारीच उभे राहा."

तो धर्माचा सख्खा धाकटा भाऊच होता. सदा.

निकेत सदाच्याच ट्रकवर गेला होता. "घरी बसून काय करतंय, माझ्यासंगं येऊ दे," असं सदा म्हणाला होता आणि धर्माने होकार दिला होता. नागोठण्याहून येताना वडखळच्या अलीकडे ट्रकचा ब्रेक लागला नाही, तो उभ्या कंटेनरवर आदळला. निकेत बसला होता ती बाजू पार चेपली. सदाला नुसतं खरचटलं. तेराव्याला तो दारात आला तेव्हा धर्माने आतून कडी घातली. पुढे सदाने ट्रक सोडला, पेणला बिऱ्हाड केलं. त्यानंतर तो थेट आज दिसत होता.

गाववाल्यांनी माना खाली घातल्या. मृणालीला कुणी काही सांगितलं नाही. धर्माला उतरून जाता आलं असतं, पण तो गेला नाही.

प्रसंग असा होता. खजिन्याची पेटी पाण्यात पडते. कप्तान चिडून पहिल्या चाच्याला थोबाडतो, पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. थप्पड अशी सरकत शेवटच्यापाशी येते. त्याला मारायला कुणीच उरत नाही, म्हणून तो बिचारा स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतो. हात गालाला लावायचा नव्हता, नुसता जवळून न्यायचा. आवाज नंतर घालणार होते.

थपडा सरकत आल्या. धर्मा वळला. समोर सदाचा गाल होता. हात जवळून गेला नाही, काडकन बसला. सदाची पट्टी निसटून गळ्यात आली.

"कमाल!" दिग्दर्शक ओरडला. "खरीच वाटली! पट्टी घट्ट बांधा, पुन्हा एकदा घेऊ."

सगळे हसत होते. धर्माचा तळवा झिणझिणत होता. त्याला बरं वाटलं होतं, आणि त्या बरं वाटण्याचीच त्याला भीती वाटली.

पट्टी बांधून घेताना सदा हळूच म्हणाला, "दादा, चुकवू नको. लागू दे."

"तोंड मिट."

दुसऱ्यांदा थप्पड सरकत आली. सदाने उघडा डोळा मिटून घेतला आणि गाल पुढे केला. धर्माचा हात उठला तो वरच राहिला. काही केल्या खाली येईना. सदाने डोळा उघडला, ते पाहिलं, आणि ठरल्याप्रमाणे स्वतःला एक थोबाडीत मारली. मग दुसरी. मग दोन्ही हातांनी, थांबेचना. कप्तान झालेला नट पोट धरून वाकला. "चालू ठेवा, चालू ठेवा!" दिग्दर्शक खुणावत होता. सदाचा ओठ फुटला, तेही लोकांना सोंगच वाटलं.

धर्माने त्याची दोन्ही मनगटं धरली. "पुरे. सदा, पुरे रं."

हसणं विरलं. सुजलेल्या तोंडाचा माणूस आता चालणार नाही म्हणून सदाला तिथूनच घरी जायला सांगितलं. तो सुरूच्या बनात कपडे बदलत असताना धर्मा मागोमाग गेला.

"शेवटाला काय बोलला तो?"

"काय न्हाय, दादा. झोपला व्हता. 'पेन आला का उठीव, वडापाव खाऊ,' इतकंच बोलला नि परत झोपला. त्याला काय कललंच न्हाय." सदाने तोंड पुसलं. "हेच सांगाया आलो व्हतो. तेराव्याला."

धर्मा वाळूत बसला. सदा कधी निघून गेला ते त्याला समजलं नाही.

संध्याकाळी मैना परसात भांडी घासत होती. गालावरचा व्रण न पुसताच त्याने तिला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मी रोज रातीला त्याचं वराडनं आयकते," ती म्हणाली. "आनि सदाभावजी सांगाया आलं, तवा तुमी कडी घातली."

मग ती पुन्हा भांडी घासू लागली. सकाळी तिने फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि एसटीच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. धर्मा मागे आला.

"कुठं निघालीस?"

"पेनला. मला समदं त्यांच्या तोंडून आयकायचं हाय. कुठं ऱ्हातात ते?"

धर्माला ते ठाऊक नव्हतं. त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"ऱ्हाऊ दे. इचारीन कुनाला तरी," ती म्हणाली.

सिनेमावाल्यांचा टेम्पो आला. धर्माने हाताने त्याला पुढे जायला सांगितलं. मग एसटी आली. मैना चढली आणि खिडकीपाशी बसली. तिने त्याला ये म्हटलं नाही, नको असंही म्हटलं नाही. कंडक्टरने घंटी मारायच्या आत धर्मा चढला आणि तिच्यापासून दोन बाकं मागे, उभाच राहिला.